सिंहीण कोणाकडे बघत होती

डोळे मीट आणि थोडा वेळ माझ्याबरोबर एका जीपमध्ये येऊन बस. जीप जुनी आहे, लष्करानं लिलावात काढलेली, आणि तिला दारं नाहीत. डिसेंबरचे दिवस आहेत. सीटच्या कडेचं लोखंड इतकं गार आहे की फ्रॉकमधून मांडीला चावतं. तू नऊ वर्षांची आहेस. मुलगा असलास तरी तेवढ्यापुरती मुलगी हो, त्यानं काही बिघडत नाही. तुझं नाव शरयू. तुझ्या डाव्या हाताला मामा बसला आहे, कारण जीप अमेरिकन आहे आणि तिचं स्टिअरिंगचं चाक डावीकडे आहे. मामा किल्ली फिरवतो. इंजिन बंद होतं. इतका वेळ त्या धडधडीच्या आत आपण सुरक्षित होतो, हे तुला ती थांबल्यावर कळतं. आता ऐक. काही ऐकू येत नाही ना? तेच ऐक.

शरयूनं सीटची कड धरली. खरं म्हणजे जागा ओळखीची होती. कारखान्याच्या कॉलनीच्या मागचा कच्चा रस्ता, डावीकडे एकावर एक रचून ठेवल्यासारखे काळे खडक, उजवीकडे कारखान्याची संपता न संपणारी भिंत, आणि समोर, शाळेच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असेल तितक्या अंतरावर, नाल्यावरचा छोटा पूल, पुलिया. नीलूमामा तिला रोज संध्याकाळी इथं आणत होता. रोज तीच जागा, जीपचं तोंड त्याच बाजूला, चाकांखाली तेच दगड. इंजिन बंद करायचं, अंधार पडेपर्यंत बसायचं आणि काही न दिसता घरी जायचं. "त्याला गाडीची सवय झाली पाहिजे," मामा म्हणायचा. त्याला म्हणजे बिबट्याला. कॉलनीतली कुत्री एकेक करून नाहीशी होत होती. कारखान्यानं फळ्यावर सूचना लावली होती की नाल्याच्या वाटेनं संध्याकाळनंतर कोणी जाऊ नये, आणि बहुतेक लोक आता मोठ्या सडकेनं फिरून जात होते. बहुतेक. आज तो शब्द शरयूच्या मनात सारखा येत होता आणि ती त्याला मागं ढकलत होती.

मामा नैरोबीहून परत आला तेव्हा ती सात वर्षांची होती. तिकडं तो एका कंपनीत मोटार चालवायचा. गोरे पाहुणे सिंह, हत्ती, जिराफ बघायला यायचे, त्यांना गवताच्या समुद्रात घेऊन जायचं, जनावर शोधायचं, गाडी अशी उभी करायची की ऊन पाठीशी राहील, आणि मग गप्प बसायचं. फोटो पाहुणे काढायचे. नंतर नंतर मामाही काढायला लागला. एका पाहुण्यानं मोडला म्हणून टाकून दिलेला कॅमेरा त्यानं पेचकस घेऊन दुरुस्त केला होता. मग तो देश स्वतंत्र झाला, तिथल्या लोकांना आपली कामं आपल्या हातात घ्यायची होती, आणि मामासारख्या कितीतरी जणांना सामान आवरून निघावं लागलं. मामाच्या सामानात एक ट्रंक, तो कॅमेरा आणि कोपरापर्यंतच्या हाताएवढ्या लांब नळीची एक लेन्स होती. आता तो जबलपुरातल्या गोहलपुरात एका मिस्त्रीकडं लिलावातल्या जुन्या जीप दुरुस्त करायचा. दुरुस्त झालेली जीप चालवून बघावी लागते, तशी ही जीप आज चालवून बघायला म्हणून आली होती. मिस्त्रीला नाल्याचं काही माहीत नव्हतं.

"काय रे नीलकंठ," अण्णा जेवताना म्हणायचे. अण्णा म्हणजे शरयूचे वडील, कारखान्यात फिटर. "आफ्रिकेतले वाघ संपले काय? आमच्या नाल्यात काहून शोधून राहिला?"

"आफ्रिकेत वाघ नसतो, भाऊजी."

"नसतो? मग इतकी वर्षं काय पाहून राहिला होता तिथं?"

आई हसून पोळी वाढायची. मामाही हसायचा, पण त्याच्या गालाचं हाड हलायचं. ते हाड फक्त शरयूला दिसायचं असं शरयूला वाटायचं. तो हसणं संपवून तिच्याकडं बघायचा आणि डोळ्यांनी विचारायचा, उद्या? ती भुवई वर करायची. घरात असं भुवईनं बोलणारी माणसं दोनच होती, आणि त्यातली एक आपण आहोत, हे तिला अंगावर नवीन स्वेटर असल्यासारखं ऊबदार वाटायचं.

तिला का नेतो, हे मामानं एकदा आईला सांगितलं होतं. "ताई, ही पोरगी बसते. बसणं कोणाला येत नाही. मोठमोठे साहेब तिकडं पाच मिनिटांत चुळबुळ करत. हिला येते." त्यानं तिला ते नीट शिकवलंही होतं. बघ शरू, गाडीत बसलेला माणूस जनावराला माणूस दिसत नाही. गाडी, आपण, कॅमेरा, सगळं मिळून त्याला एकच मोठं मुकं जनावर वाटतं. गवत न खाणारं, कोणाला न चावणारं. कोणी उभं राहिलं, हात बाहेर काढला, की त्या मोठ्या जनावराचे तुकडे होतात आणि आतून माणूस निघतो. मग ते पळतं, नाहीतर येतं. म्हणून पोले पोले. हा तिकडचा शब्द होता, हळूहळू असा. श्वाससुद्धा पोले पोले. आईकडून मागून घेतलेल्या हरभऱ्याची एक पिशवी त्यानं शिवली होती. ती चाकावर आडवी टाकायची आणि तिच्या खळग्यात लेन्स रुतवून ठेवायची, म्हणजे हात थरथरला तरी लेन्स थरथरत नाही. कॅमेऱ्याला तो अण्णांचा जुना मफलर गुंडाळायचा, खटक्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. "माझे हरभरे आफ्रिकेला चालले," आई म्हणाली होती, "शिजायला परत येतील का नाही?"

आणि शाळेतही त्या दिवसांत हेच शिकवत होते. तुला हे सांगायला हवं, कारण तू तसे दिवस पाहिलेले नाहीस. पाकिस्तानशी लढाई सुरू होती. जबलपुरात लढाई कुठं दिसत नव्हती. पण तोफा आणि गाड्या बनवणारे कारखाने इथंच, तेव्हा विमानं आली तर इथंच येतील असं सगळे म्हणत. खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवलेला. मोटारींच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग. संध्याकाळ झाली की गल्लीतून दंडाला पट्टी बांधलेले लोक फिरत आणि कुठं उजेडाची रेघ दिसली की शिटी वाजवत. अण्णा तर त्या लोकांपेक्षा कडक. एकदा शरयूनं पेन्सिल शोधायला काडी ओढली तर त्यांनी ती तिच्या बोटांतच विझवली होती, स्वतःच्या बोटांनी, चिमटीत. "एका काडीनं अख्खी कॉलनी दिसते वरून. समजलं?" शाळेत बाई सांगत, भोंगा वाजला की पालथं पडायचं, दातांत रुमाल धरायचा, कानात बोटं घालायची आणि हलायचं नाही. शरयू सगळ्यांत चांगली पालथी पडायची. त्या हिवाळ्यात चांगली मुलगी म्हणजे अंधारात न हलणारी, आवाज न करणारी मुलगी. आणि शरयू फार चांगली मुलगी होती.

मामाचं बोट तिच्या गुडघ्यावर आलं. बोलायचं नाही, तेव्हा एक बोट. तिनं मान न वळवता फक्त डोळे वळवले. पुलियाच्या कठड्यावर मघाशी काही नव्हतं. आता होतं. आलं कसं ते तिला दिसलं नाही. खडकाचा एक तुकडा सुटून तिथं येऊन बसला असावा, असा तो होता. मग त्या तुकड्याला शेपूट फुटलं आणि कठड्याखाली लोंबलं, आणि शेपटाचं टोक तेवढंच हललं. चित्रातल्या बिबट्यापेक्षा तो लहान होता. त्याचं लहान असणंच तिला भयंकर वाटलं. मोठं जनावर गोष्टीत असतं, हे तर घरातल्या एखाद्या वस्तूएवढं होतं, सायकलीएवढं, आईच्या शिवणाच्या मशीनएवढं. तो त्यांच्याकडं बघत नव्हता. पुढचे पंजे जुळवून तो खाली नाल्यात बघत होता, गच्चीवरून गल्लीत बघणाऱ्या माणसासारखा. मामाच्या नाकातून बाहेर येणारी वाफ थांबली. "चुई," तो आवाजाशिवाय नुसत्या ओठांनी म्हणाला. त्याच्या तोंडून बिबट्यासाठीचा तिकडचा शब्द आला, आणि शरयूला एकदम कळलं की या क्षणी मामा जबलपुरात नाही.

लेन्स हरभऱ्यांत रुतली. मामाचा डोळा कॅमेऱ्याला चिकटला. पण खटक्याचा आवाज आला नाही. शरयू वाट बघत राहिली. काढत का नाही? उजेड तर चालला होता. आधी खडकांच्या कडा गेल्या होत्या, आता भिंतीचा चुना निळा पडत होता. आणि मग तिला आठवलं की मामा बसलेल्या जनावराचा फोटो काढत नाही. बसलेलं जनावर म्हणजे उशी, तो म्हणायचा. उशीचा फोटो कोण काढते? त्याचे कान उभे झाले पाहिजेत. काही ऐकलं की त्याला चेहरा येतो. तिकडचे काही ड्रायव्हर पाहुण्यांना खूश करायला गाडीच्या पत्र्यावर टकटक करत, सिंह दचकून वर बघे आणि पाहुणे टपाटप फोटो काढत. मामाला त्याचा राग होता. दचकवलेला चेहरा खोटा असतो शरू. खऱ्या गोष्टीकडं बघतानाचा चेहरा पाहिजे. त्याला थांबावं लागते. येते. काही ना काही येतेच.

तिच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. त्या घोट्यापासून चढत पोटरीत आल्या, आणि तिनं त्यांना चढू दिलं. घशात एक खोकला होता. तो खोकला नाही असं ठरवून तिनं गिळला. आणि त्याच वेळी सकाळ तिच्या मनात आली, जिला ती दिवसभर मागं ढकलत होती. सकाळी अण्णा मोरीपाशी दाढी करत होते. लढाई सुरू झाल्यापासून ते रात्री ती झोपल्यावर घरी येत. गालाला साबण लावलेल्या तोंडानं ते आईला म्हणाले, "आज ओव्हरटाइम नाही. भोंग्याबरोबर सुटतो. येताना गढ्याच्या बाजारातून आणायचं आहे का काही?" आई म्हणाली, "सडकेनंच या बरं का." अण्णा म्हणाले, "अच्छा, अच्छा," आणि आरशातल्या शरयूकडं बघून एक डोळा मिटला. कारण शरयूला माहीत होतं, अण्णा सडकेनं येत नाहीत. सूचनेच्या फळ्यासमोर उभे राहून ते मोठ्यानं हसले होते. सडकेनं फिरून गेलं तर जेवण गार होते, ते म्हणत. अण्णा नाल्याच्या वाटेनं येत, या पुलियावरून. हे मामाला माहीत नव्हतं. शरयूनं मामाला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर मामा म्हणाला असता, मग आज नको, भाऊजींनी तुला इथं पाहिलं तर बोंबलतील. आणि दिवसाचा हा एकच तास होता ज्यात ती कोणीतरी होती. म्हणून ती गप्प बसली. तिला गप्प बसता येत होतं.

कारखान्याचा भोंगा कधीच वाजून गेला होता.

आवाज आधी तिच्या दातांना कळला आणि मग कानांना. खड्. मग काही नाही. मग खड्, खड्. पुलियाच्या पलीकडून, जिथं रस्ता खडकांमागं वळतो तिथून. अण्णांच्या सायकलचा मागचा मडगार्ड सुटला होता आणि त्यांनी तो तारेनं बांधला होता. रस्त्यात खड्डा आला की तो असा वाजे. रोज रात्री अर्धवट झोपेत ती तो आवाज ऐके, खड्, आणि कूस बदलून खरी झोपे. दिवा नसलेली सायकल. दिवा कसा असणार, अण्णाच ते, काडी चिमटीत विझवणारे. त्यांना पुलिया दिसेल ती अगदी जवळ आल्यावर, आणि कठड्यावर काय आहे ते तर दिसणारच नाही, कठड्याच्या दगडात दगड. ते त्याच्या मिशांना पँट घासेल इतक्या जवळून जातील. काही होणार नाही, बिबट्या सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, असं मी तुला सांगू शकतो. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की कॉलनीतली कुत्री आधी भुंकायची आणि आता भुंकत नाहीत.

पण सायकल अण्णांचीच कशावरून? तिनं स्वतःला विचारलं. कॉलनीत प्रत्येकाचीच सायकल वाजते. कदाचित सायकल नसेलच, कारखान्याच्या भिंतीआड काहीतरी आपटत असेल. कदाचित अण्णा आज खरंच सडकेनं गेले असतील आणि आत्ता घरी बसून चहा पीत विचारत असतील, शरू कुठं आहे? मग ती हलली, ओरडली, तर? मामाचे इतके दिवस, रोजची ती जागा, तेच दगड, अंधार पडेपर्यंतची ती थंडी, सगळं वाया. आणि तो काही बोलणार नाही. रागावणारसुद्धा नाही. जेवताना अण्णा विचारतील, काय साळेबुवा, वाघ दिसला का, आणि मामा म्हणेल, नाही भाऊजी. त्याच्या गालाचं हाड हलेल आणि तो तिच्याकडं बघणार नाही. तिला भुवई वर करायला कोणी उरणार नाही. खड्. आवाज थोडा मोठा झाला. तिच्या मानेवरचे केस उभे राहिले होते आणि ते स्वेटरच्या लोकरीला टोचत होते, हेही तिला कळत होतं. सगळं कळत होतं, फार बारीक कळत होतं. फक्त काय करायचं ते कळत नव्हतं.

बिबट्यानं डोकं वर केलं.

कान उभे राहिले. आधी एक, मग दुसरा. त्याचं सगळं अंग होतं तसंच राहिलं, पण ते आता बसलेलं नव्हतं, आत कुठंतरी ताणलेलं होतं. तो वळणाकडं बघत होता. आणि त्याला चेहरा आला. शरयूनं असा चेहरा पूर्वी पाहिला होता. ती त्याच्या खाली बसून पाढे पाठ करत आली होती. बाहेरच्या खोलीत, घड्याळाच्या बाजूला, काचेच्या चौकटीत मामानं काढलेली सिंहीण होती. गवतातून डोकं वर काढलेली, कान उभे, डोळे एका जागी खिळलेले. घरी येणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोर थांबे. काय नजर आहे हो! कशी बघून राहिली! फोटोच्या बाहेर, उजव्या हाताला, जिथं भिंत आणि कॅलेंडर होतं, तिकडं ती बघत असे. मामा आला त्या वर्षी शरयूनं त्याला विचारलं होतं, "मामा, ही काय बघून राहिली?" तो म्हणाला, "झेब्रा असेल." दिवाळीत तिनं परत विचारलं. तो म्हणाला, "काही नाही ग. वारा." आणि मग या पावसाळ्यात, तो लेन्सला आलेली बुरशी कापसानं पुसत बसला होता, तेव्हा तिनं काही विचारलं नसताना आपणच म्हणाला, "माणूस होता. गुराखी. चालत येऊन राहिला होता."

"मग?"

"मग काय?"

"मग काय झालं?"

मामानं काच उजेडाकडं धरली, एक डोळा मिटून तिच्यातून पाहिलं. "मग फोटो झाला," तो म्हणाला.

तेव्हा शरयूला ते उत्तर पुरलं होतं. फोटो झाला म्हणजे सगळं चांगलं झालं. आता ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून मामाकडं बघत होती, आणि त्याच्या खटक्यावरच्या बोटाचं नख पांढरं झालेलं तिला दिसत होतं. खड्, खड्, खड्. मामाचा उजवा कान तिच्या बाजूला होता. तो कान बहिरा नव्हता. गवतात चालणाऱ्या जनावराचा आवाज ऐकणारा कान होता तो. मामानं सायकल ऐकली होती. कोणाची ते त्याला माहीत नव्हतं, पण त्यानं ती ऐकली होती, कदाचित तिच्याही आधी, आणि तो थांबला होता. काही ना काही येतेच, तो म्हणाला होता. हे येत होतं. मामा वाईट होता का? तू मला विचारशील, म्हणून सांगतो, नव्हता. तो तिच्यासाठी शनिवारी गोहलपुरातून खारे शेंगदाणे आणायचा. त्याला ते कसं दिसत होतं कोण जाणे. कदाचित त्या भिंगातून बघताना एवढंच दिसतं, जे चौकटीत आहे तेवढं, आणि बाहेर जो येतो आहे तो नुसता चेहरा उजळवणारा आवाज असतो. शरयूचा डोळा भिंगाला नव्हता. तिला सगळा रस्ता दिसत होता.

बिबट्या कठड्यावरच खाली दबला. पोट दगडाला टेकलं. खांद्याची हाडं पाठीच्या वर आली. कॅमेऱ्याच्या मफलरातून एक खटका आला, कोणी जिभेनं टाळूला हळूच मारावा तसा. मामानं फोटो काढला होता. झाला, तिला वाटलं, आता तो हॉर्न वाजवेल, आता ओरडेल. पण मामानं अंगठ्यानं फिल्म पुढं सरकवली आणि बोट परत जागेवर नेलं. वळणावर काळ्यात काळं काहीतरी हललं.

तिच्या समोर, गाडीच्या फळीवर, मिस्त्रीनं बसवलेला दिव्याचा खटका होता. नवा, पितळी, ओढायचा. त्याची आतली स्प्रिंग अजून बरोबर बसली नव्हती, ओढून धरला तरच दिवे लागत आणि सोडला की विझत. पुढच्या दिव्यांना आजच नव्या काचा बसवल्या होत्या, त्यांना काळा रंग द्यायचा राहिला होता. हे ती आठवत नव्हती. तिच्या मनात त्या क्षणी एकही वाक्य नव्हतं. अण्णांच्या चिमटीत विझणारी काडी मात्र होती, आणि बोटांना बसलेला तो चटका. तिनं हात पुढं केला आणि खटका ओढला.

पंधरा दिवसांत त्या बाजूला कोणी एवढा उजेड पाहिला नव्हता. खडक, भिंत, वाळलेलं गवत, सगळं एकदम जवळ आलं, पांढरं झालं. बिबट्या कठड्यावर उठून उभा होता, आणि आता तो त्यांच्याकडं बघत होता, दोन हिरव्या टिकल्यांनी. मग कठडा रिकामा झाला. खाली नाल्यात दगड घरंगळले आणि थांबले. फार दूर नाही थांबले. पुलियाच्या खालीच कुठंतरी.

आणि पलीकडं एक सायकल उभी होती. एक पाय जमिनीवर टेकून, डोळ्यांवर हात धरून एक माणूस उभा होता. डोक्याला पांढरं मुंडासं, अंगावर घोंगडी, दोन्ही बाजूंना दुधाचे मोठे डबे. डब्यांच्या साखळ्या अजून हलत होत्या, खड्, खड्. अण्णा नव्हते. बरगीकडच्या खेड्यातून येणारा कोणी दूधवाला होता. त्याला शरयूनं कधी पाहिलं नव्हतं.

"कौन है भाई?" तो ओरडला. "आँख पे काहे मार रहे हो लाइट?"

"शरू!" मामाचा आवाज फाटला. "सोड. बंद कर ते. काय केलंस वं तू..." मग त्यानंही तिकडं पाहिलं. "अण्णा नाहीत ते. पाहिलंस ना? नाहीत अण्णा. बंद कर."

म्हणजे त्याला कळलं होतं तिला काय वाटलं ते. इतक्या लवकर कळलं होतं. कॉलनीच्या बाजूनं एक शिटी वाजली, मग दुसरी, लांब, आणि कोणीतरी पळत येत ओरडलं, "बत्ती बुझाओ! कौन है उधर? बत्ती बुझाओ!" मामाचा हात तिच्या हातावर आला. अण्णा सडकेनं गेले होते, किंवा अजून कारखान्यातच होते, किंवा घरी चहा पीत होते. काही झालं नव्हतं. ती चुकली होती. आता चांगल्या मुलीनं खटका सोडायचा असतो. पण दूधवाला पुलियाच्या पलीकडं होता, आणि पुलियाच्या खाली, जिथं दगड थांबले होते, तिथं उजेड पोहोचत नव्हता.

शरयूनं दुसरा हातही खटक्यावर ठेवला. पाय बधिर झाला होता, तरी ती त्याच पायावर सीटवर उभी राहिली, वाकून, खटका ओढून धरलेला.

"भैया!" ती ओरडली. तिचा आवाज इतका मोठा आहे हे तिला माहीत नव्हतं. "भैया, रुको मत! आ जाओ! उजाले उजाले में आ जाओ!"

दूधवाला हसला की घाबरला कोण जाणे. त्यानं पॅडल मारलं. डबे वाजवत, उजेडाच्या मधोमध, तो पुलियावर आला. शिट्या जवळ येत होत्या, मामा तिची बोटं एकेक करून सोडवत होता, आणि ती सुटलेलं प्रत्येक बोट पुन्हा तिथंच नेऊन ठेवत होती. दूधवाला पुलियावरून उतरून जीपच्या बाजूनं गेला आणि त्याच्या घोंगडीचा वारा तिच्या गुडघ्याला लागला, तोवर तिनं खटका सोडला नाही.